दिवाबत्तीची तरतूद

आमच्या शहरातली पाणचक्की, म्हणजे पाण्यावर फिरणारी जुनी पिठाची चक्की, बघायला आलेले लोक हौदापाशी रेंगाळतात, आणि ते साहजिकच आहे. भिंतीवरून कोसळणारं पाणी, कारंजी, जुना वड, पलीकडे खाम नदी. फोटो काढायला आणखी काय हवं! मी मात्र घरी आलेल्या पाहुण्यांना आधी जात्याच्या खोलीत नेते आणि विचारते, इथे कुणासाठी पीठ दळत असतील? छत्रपती संभाजीनगरचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि औरंगजेबाचा मुक्काम दख्खनेत होता, एवढं ठाऊक असलेला माणूस पटकन म्हणतो, बादशहासाठी किंवा फौजेसाठी.

पीठ दळलं जायचं ते मुख्यतः फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि शिकायला आलेल्या मुलांसाठी. मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानहून आलेले बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी पंथाचे सूफी सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे राहत होते. त्यांच्या भोवती मशीद, मदरसा, सराई असा पसारा उभा राहिला. तुर्कताज खान नावाच्या सरदाराने हर्सूलकडच्या झऱ्यांचं पाणी खापराच्या नळांतून इथवर आणवलं. पुढे जमील बेग खानाने कारंज्यांचा मोठा हौद बांधला. हौदाच्या तळाखाली खांबांचं दालन आहे. वर पाणी असल्यामुळे भर मे महिन्यातही ते गार असतं. आलेल्या माणसाला उन्हापासून आसरा, पोटाला भाकरी, तहानेला पाणी, अशी सगळी सोय एकाच आवारात केलेली आहे.

माझं आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात गेलं. त्यामुळे सुंदर वास्तू पाहिली की माझं मन नकळत खर्चाच्या बाजूला वळतं. खापराचे नळ दर काही वर्षांनी तुंबणार, फुटणार. जात्याला टाकी लावायला टाकारी बोलवावा लागणार. दळणाऱ्याचा पगार, मशिदीत दिव्याला तेल, मुलांना पाट्या. पाणी आणणारा सरदार तर गेला. मग पुढची दोन-अडीचशे वर्षं हा खर्च कुणी केला?

या प्रश्नाचं मुसलमानी समाजाने शोधलेलं उत्तर म्हणजे वक्फ. एखादी जमीन, दुकान, बाग, गिरणी अल्लाच्या नावे कायमची बाजूला काढायची. मूळ मालमत्ता विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. तिचं उत्पन्न तेवढं ठरवून दिलेल्या कामाला लावायचं. वक्फनामा लिहिणारा त्यात काम कोणतं, खर्च कसा आणि देखरेख कुणी करायची, हे सगळं नमूद करतो. देखरेख करणारा तो मुतवल्ली. मराठवाड्यात जुन्या सातबाऱ्यावर खिदमतमाश इनामाची, म्हणजे सेवेसाठी लावून दिलेल्या जमिनीची, नोंद ज्यांनी पाहिली असेल, किंवा देवस्थान इनामाच्या जमिनी ज्यांना माहीत असतील, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. देवळाच्या नैवेद्याला आणि दिवाबत्तीला जमीन लावून द्यायची पद्धत आपल्याकडे गावोगाव होतीच.

हदीसच्या, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी सांगणाऱ्या, ग्रंथांत या व्यवस्थेचं मूळ सापडतं. इसवी सन ६२८ मध्ये अरबस्तानातलं खैबर जिंकल्यावर पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांच्या वाट्याला तिथली चांगली जमीन आली. इतकी मोलाची जमीन आजवर मला मिळाली नव्हती, तिचं काय करू, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तर आलं, हवं तर मूळ राखून ठेव आणि फळ दान कर. उमरनी ती गरिबांसाठी, नातलगांसाठी, गुलामांच्या मुक्ततेसाठी, प्रवाशांसाठी आणि पाहुण्यांसाठी लावून दिली. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती शेवटची अट. जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यातलं खावं, मित्राला खाऊ घालावं, पण त्यातून स्वतःची मालमत्ता उभी करू नये. दानाच्या पहिल्याच कागदात व्यवस्थापकाच्या लोभाचा विचार झालेला आहे. माणसाची इतकी स्वच्छ ओळख असलेली अट मी कुठल्या ट्रस्टच्या घटनेत क्वचितच वाचली असेल.

हा विचार शतकानुशतकं किती बारीक कामांपर्यंत पोचला, ते इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाच्या एका आठवणीतून कळतं. १३२६ मध्ये तो दमास्कसला पोचला. एका गल्लीतून जाताना त्याला एक लहान गुलाम मुलगा दिसला. त्याच्या हातातली चिनी मातीची थाळी पडून फुटली होती आणि भोवती लोक जमले होते. त्यांतला एक जण म्हणाला, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फवाल्याकडे घेऊन जा. मुलाने तुकडे उचलले. तो माणूस बरोबर गेला, तुकडे दाखवले आणि तशीच नवी थाळी घेण्याइतके पैसे मुलाच्या हातात पडले. इब्न बतूता लिहितो की मालकाने त्या पोराला मारलं तरी असतं, निदान खडसावलं तरी असतं, आणि त्याचं मन मोडलं असतं. त्याच शहरात गरीब मुलींच्या लग्नाच्या कपड्यांसाठी, कैद्यांना सोडवण्यासाठी, वाटसरूंच्या जेवणासाठी आणि रस्त्याच्या फरसबंदीसाठीही वक्फ होते, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे.

फुटलेल्या थाळीसाठी कुणी आपली मिळकत कायमची बाजूला काढतो, तेव्हा त्या दात्याने कधीतरी एका मुलाची थरथर जवळून पाहिलेली असणार, असं मला वाटतं. मोठं काम सुचायला पैसा पुरतो. एवढं लहान काम सुचायला मात्र लक्ष लागतं.

कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये बांधायला घेतलेला दवाखाना याच जातीचा. श्रीमंत-गरीब, पुरुष-बाई, कुणालाही तिथे उपचार मिळायचे आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. त्याच्या वक्फनाम्यात रुग्णांना उन्हाळ्यात वारा घ्यायला खजुराच्या पानांच्या पंख्यांचीही तरतूद आहे. आजही आपल्याकडे अंदाजपत्रकात इमारत येते, यंत्रं येतात आणि पंख्याच्या दुरुस्तीपाशी घोडं अडतं.

आता जेरुसलेमच्या स्वयंपाकघराकडे वळते, कारण त्याचा कागद वाचून मी हरखून गेले होते. सुलेमान सुलतानाची बायको हुर्रम ही मूळची आजच्या युक्रेनकडची. तातार टोळ्यांनी तिला पळवून आणलं, ती गुलाम म्हणून विकली गेली आणि पुढे उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यातली सर्वांत प्रभावी बाई झाली. १५५२ मध्ये तिने जेरुसलेमला एक वक्फ केला: मशीद, यात्रेकरूंसाठी ५५ खोल्या, सराई आणि एक मोठं स्वयंपाकघर. त्यासाठी रामला आणि लुद्द या भागांतल्या गावांचं उत्पन्न लावून दिलं. स्वयंपाकघरात दिवसातून दोनदा जेवण व्हायचं. सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी बुरगुलचं, म्हणजे आपल्या दलियासारख्या गव्हाचं, आणि दोन्ही वेळा पाव. शुक्रवारी, रमजानमध्ये आणि सणाला मटणभात आणि जर्दा, म्हणजे केशरी गोड भात. तोच जर्दा, जो आमच्या शहरात लग्नाच्या दावतीत शेवटी येतो आणि ज्यासाठी लहान मुलं पंगतीत जागा सोडत नाहीत.

वक्फनाम्यात हे सगळं लिहिलेलं आहे. किती माणसं जेवतील, तर कामगार, खोल्यांतले मुक्कामी आणि शिवाय ४०० गरीब. आचारी किती, भटारी किती, धान्य निवडणारे, भांडी घासणारे, कोठीवाला, लिहिणारा, आणि प्रत्येकाचा रोजचा पगार. धान्यातले खडे काढायला वेगळा माणूस नेमायचं एका राणीला सुचतं, यात दानाकडे बघण्याची एक तऱ्हा आहे. फुकटचं जेवण आहे म्हणून दाताखाली खडा आला तरी चालेल, असं तिने धरलं नाही. त्या स्वयंपाकघराचे सोळाव्या शतकातले जमाखर्चाचे कागद शाबूत आहेत. त्यावर अभ्यासकांनी पुष्कळ काम केलं आहे. त्यांवरून दिसतं की गावांकडून वसूल वेळेवर येत नसे, व्यवस्थापक बदलत, तोंडमिळवणी करताना ओढाताण होई. म्हणजे आपल्यासारखंच. तरीही सत्ता बदलत गेल्या, सीमा बदलल्या, युद्धं झाली आणि जुन्या शहरातल्या त्या जागेत गरजूंना अन्न देण्याचं काम आपल्या काळापर्यंत टिकून राहिलं.

हुर्रम काही एकटी नव्हती. १५४६ च्या इस्तंबूलच्या नोंदवहीत वक्फ करणाऱ्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाया आहेत. बहुतेक वक्फ लहान: एखादं घर, थोडी रोकड. शरियतप्रमाणे बाईची मिळकत लग्नानंतरही तिचीच राहते, त्यामुळे ती तिला लावून देता येत होती. घरात बसलेल्या बाईला गल्लीतल्या पाणपोईवर आपलं नाव उमटवता येत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या व्यवस्थेत वैगुण्यं होती आणि ती झाकून चालणार नाही. पुष्कळ श्रीमंतांनी वारसाहक्काची वाटणी टाळायला किंवा राजाच्या जप्तीतून मिळकत वाचवायला वक्फ केले. उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या घरातच, आणि घराणं संपलं की मग गरिबांना! १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, असाच एक कौटुंबिक वक्फ बेकायदा ठरवला, मुसलमान समाजात मोठी खळबळ झाली आणि शेवटी १९१३ मध्ये जिनांनी मांडलेल्या विधेयकाने असे वक्फ पुन्हा कायदेशीर झाले. दुसरं वैगुण्य कायमपणाचं. दात्याने घातलेली अट काळ बदलला तरी बदलता येत नाही, म्हणून मिळकत पडून राहते. काजीच्या परवानगीने एका मिळकतीच्या बदल्यात दुसरी घेण्याची सोय होती, पण त्याच सोयीतून मोक्याच्या जागा कवडीमोलाने गेल्याचंही इतिहासात पुष्कळदा घडलं. कुंपणच शेत खाणार असेल, तर वक्फनामा कितीही पक्का असला तरी काय उपयोग?

आपल्याकडे हे कुठवर आलं, ते मुसलमान समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आकड्यांनी मांडलेलं आहे. देशात ४.९ लाखांहून जास्त नोंदलेल्या वक्फ मिळकती आणि सुमारे ६ लाख एकर जमीन. वह्यांतली किंमत ६ हजार कोटी, बाजारभावाने अंदाजे १ लाख २० हजार कोटी. आणि वर्षाचं उत्पन्न? सुमारे १६३ कोटी. अहवालाने हा परतावा वहीतल्या किमतीवर काढला, तो २.७ टक्के येतो. बाजारभावावर काढून बघा. शंभर रुपयांच्या मालमत्तेवर वर्षाला चौदा पैसेसुद्धा नाहीत. नीट वापर झाला आणि दहा टक्के परतावा मिळाला तर वर्षाला १२ हजार कोटी हाती येतील, असं समितीने म्हटलं होतं. हा पैसा कुणाच्या खैरातीचा नाही. गेलेल्या माणसांनी गरिबांसाठी आधीच देऊन ठेवलेला आहे. तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही एवढंच.

हे चौदा पैसे प्रत्यक्षात कसे दिसतात, ते मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाहिलं. बाजारपेठेतली जुनी मशीद आणि रस्त्याच्या बाजूने तिच्या वक्फची दुकानं. ओळखीतून निरोप आला म्हणून हिशेब बघायला गेले होते. मुतवल्ली म्हणजे शिंपीकाम करणारे एक वयस्क चाचा. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून त्यांनी भाड्याचं रजिस्टर काढलं. हिरव्या शाईत, वळणदार उर्दूत नावं आणि पुढे आकडे: साठ रुपये, साठ रुपये, पंच्याहत्तर. मला वाटलं दिवसाचं असेल. "महिन्याचं आहे, ताई," चाचा म्हणाले. करार सत्तरच्या दशकातले, स्टँपपेपरवरचे, पुढे कुणी नवे केलेच नव्हते. मूळ भाडेकरू कधीच वारले. एका दुकानात आता मोबाईलवाला होता. तो पोटभाडेकरू, आणि मूळ भाडेकरूच्या मुलाला महिन्याला आठ हजार देत होता. साठ भरायचे, आठ हजार घ्यायचे. भाडेकरूंत सगळ्या धर्मांचे लोक होते आणि या एका बाबतीत त्यांच्यात कसलाही भेद नव्हता.

"भाडं वाढवा म्हणायला गेलो की चहा पाजतात," चाचा सांगत होते. "म्हणतात, चाचा, तुम्ही कशाला त्रास घेता, अल्ला बरकत देईल." इमामांचा पगार जुम्म्याच्या नमाजानंतर चादर पसरून गोळा व्हायचा. पावसात छत गळत होतं, म्हणून मुलांना कुराण शिकवायची जागा व्हरांड्यात हलवली होती. समोर लाखोंची मिळकत आणि बादलीत टपटप गळणारं पाणी. चाचा स्वतः पदरमोड करून विजेचं बिल भरत होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. पण उमरच्या अटीत फक्त खाऊ नये एवढंच नाही, व्यवस्था पाहावी हेही आहे. ते मी त्यांना सांगितलं. सांगताना मला वाईट वाटत होतं, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मोठ्या प्रमाणावर चांगलं चाललेलं कामही आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या हमदर्दचं घ्या. १९०६ मध्ये हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी एक लहान दवाखाना काढला. त्यांचे चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ मध्ये हा सगळा धंदा वक्फ करून टाकला. रमजानमध्ये इफ्तारला आणि उन्हाळ्यात घरोघरी जे रूह अफ्जा पितात, त्याच्या नफ्यातून शिक्षणाची आणि आरोग्याची कामं उभी राहिली. जामिया हमदर्द हे विद्यापीठ त्यातलंच. जमीन पडून असते, भाडं थिजतं, पण चालता धंदा लावून दिला तर तो बाजाराबरोबर वाढतो, हे त्या माणसाने ओळखलं. फाळणीनंतरच्या दिल्लीत, भोवती सगळं उद्ध्वस्त झालेलं असताना, त्याने हे केलं. त्या धैर्यापुढे माझं मस्तक लवतं.

कायद्याबद्दल सध्या सगळेच हिरिरीने बोलतात. १९५४ चा कायदा झाला, मग १९९५ चा आला. २०१३ च्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीच्या विक्रीवर बंदी आली. २०२५ च्या दुरुस्तीवरून तर देशभर वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. वक्फ मंडळावर कोण असावं, वक्फ कुणी करावा, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या पण कागद नसलेल्या मिळकतींचं काय, हे प्रश्न गंभीर आहेत. समाजाच्या मनात भीती आहे, आणि ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण टीव्हीवरच्या चर्चा मी तासन्‌तास ऐकल्या आणि त्यांत एकाही बाजूने साठ रुपयांच्या भाड्याचा विषय काढलेला मला ऐकू आला नाही. एक बाजू सांगते, वक्फने इतके लाख एकर बळकावले. दुसरी सांगते, आमचं हिसकावून घेताहेत. या गदारोळात विधवेचं पेन्शन, वसतिगृहातल्या पोरीची फी आणि दवाखान्यातली औषधं कुठेच नाहीत. ज्यांच्यासाठी ते वक्फनामे लिहिले गेले, त्यांची साक्ष कुणी काढत नाही.

चाचांच्या मशिदीचं काम मी हाती घेतलं. आधी कागद शोधले. वक्फची जुनी नोंदणी, राजपत्रातली यादी, सिटी सर्व्हेचा उतारा, सगळं एका फायलीत लावलं. मग कमिटीतल्या तरुणांना बसवून एका पानाचा वार्षिक जमाखर्च तयार केला, मराठीत आणि उर्दूत, आणि जुम्म्याच्या दिवशी दारावर लावला. त्याचा परिणाम कुठल्याही नोटिशीपेक्षा जास्त झाला. दुकानाचं भाडं साठ रुपये, हे भाडेकरूच्या नावासकट भिंतीवर वाचल्यावर त्यांच्याच घरातली माणसं त्यांना विचारू लागली. काहींनी आपण होऊन नवा करार केला. बाजारभावाच्या निम्म्यानेही नाही, पण हजारांत. पहिल्या पैशांतून छत झालं. त्यानंतर कमिटीत कडाक्याचं भांडण झालं. जुन्या मंडळींना मिनार रंगवायचा होता, पोरांना नर्सिंगला गेलेल्या मुलींची फी भरायची होती. मूळ वक्फनाम्यात 'मशिदीची देखभाल आणि मोहल्ल्यातल्या गरजूंची मदत' असे दोन्ही शब्द निघाले, म्हणून दोघांचंही थोडं थोडं भागलं. फीची पावती फाईलला लावताना चाचांनी ती दोनदा वाचून दाखवायला लावली.

मोबाईलचं दुकान मात्र सुटलेलं नाही. मूळ भाडेकरूचा मुलगा ताबा सोडत नाही आणि भाडंही वाढवत नाही. वक्फ न्यायाधिकरणात दावा लावला आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे. सत्तरच्या दशकातला करारनामा, हिरव्या शाईचं रजिस्टर आणि त्याचं मराठी भाषांतर असं सगळं जोडून ठेवलंय. पोटभाडेकरू आठ हजारांच्या पावत्या द्यायला तयार झाला, तर आमची बाजू भक्कम होईल. चाचा रोज त्याच्या दुकानी जाऊन बसतात, आणि आता चहाचे पैसे स्वतः देतात.